शॉर्ट डॉक्युमेंट्रीला 'करिअर' म्हणणं थांबवूया का?

सव्वीसमिनिटं
अकरा वर्षं झाली डॉक्युमेंट्री करतोय, पुण्यात राहतो. शेवटची फिल्म सव्वीस मिनिटांची, बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड जोडप्यावर. दोन हंगाम त्यांच्यासोबत होतो, दसऱ्यानंतर गाव सोडल्यापासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत. खर्च 3 लाख 80 हजार, त्यातले सव्वादोन लाख लग्नाच्या शूटिंगचे आणि बाकी बायकोच्या पगारातले. चार फेस्टिवलला लागली, एके ठिकाणी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर एका चॅनलवाल्यांनी बघितली, छान आहे म्हणाले, फुकट देताय का.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात बोलायला गेलो तर एका मुलाने विचारलं सर यात करिअर आहे का आणि मी हो म्हणालो. ते हो तेव्हापासून टोचतंय.

1948 पासून फिल्म्स डिव्हिजन हे सरकारी खातं होतं, थिएटरात सिनेमाच्या आधी त्यांची डॉक्युमेंट्री लावावीच लागायची, म्हणजे दहा-वीस मिनिटांच्या फिल्मला निदान एक गिऱ्हाईक होतं. ते 2022 ला एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या फिल्म विकास महामंडळात, विलीन झालं. पीएसबीटी ही डॉक्युमेंट्रीला पैसे देणारी संस्था 2000 साली सुरू झाली आणि कितीतरी नवख्यांना पहिलं बजेट तिथून मिळालं, तसं दार आज मला तरी दिसत नाही. ओटीटीला सीरिज हवी, खून हवा नाहीतर क्रिकेटपटू. म्हणून माझं म्हणणं, पोरांना स्पष्ट सांगा की पोट दुसऱ्या कामावर भरायचं आणि हे त्यातून करायचं. करिअर म्हणून फसवू नका.

निळीशाई
अजिबात पटलं नाही. 2023 ला 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला ऑस्कर मिळालं ते शॉर्ट डॉक्युमेंट्रीचंच, चाळीस मिनिटांच्या आतलं, आणि कार्तिकी गोन्साल्विसची ती पहिली फिल्म. कोलकात्याला डॉकएजमध्ये पिचिंग होतं, म्हणजे आपली कल्पना प्रोड्युसरसमोर मांडायची, बाहेरचे प्रोड्युसर येतात. बेंगळुरूची आयएफए ही कलांसाठीची संस्था ग्रँट देते. मुंबईत दर दोन वर्षांनी मिफ हा डॉक्युमेंट्रीचा फेस्टिवल होतो. पूर्वी रिळावर शूट करायचं तर नुसता कच्चा माल परवडत नव्हता, आता कॅमेरा भाड्याने मिळतो आणि एडिट घरी होतं. दारं आहेत, आपल्याकडचे लोक अर्जच करत नाहीत, इंग्रजीत चार पानी प्रपोजल लिहायचं म्हटलं की गळाठतात. तुम्ही किती अर्ज केले ते सांगा.

सव्वीसमिनिटं
एकोणीस. दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेलो. आणि तुम्ही म्हणताय त्या फिल्मला शूटिंगपासून पाच वर्षं लागली, मागे प्रोड्युसर गुनीत मोंगांची कंपनी आणि नेटफ्लिक्स होतं. फिल्म सुंदर आहे, मी तीनदा बघितली. पण एकाला पाऊस लागला म्हणून सगळ्या शिवाराचं पीक आलं असं होत नाही ना. फेस्टिवलची एंट्री फीच एकेका ठिकाणी दोन-तीन हजार जाते.

बूमवाला
मी साउंड करतो, पंधरा वर्षं. इथे डायरेक्टरच्या दुःखावर सगळे बोलतात म्हणून लिहितोय. 3 लाख 80 हजारात दोन हंगाम? म्हणजे साउंडवाल्याला, एडिटरला काय दिलंत? मला अशा नऊ फिल्म आठवतात जिथे 'आपलीच फिल्म आहे, पैसे नंतर बघू' असं ऐकलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. फिल्मला अवॉर्ड मिळाला की स्टेजवर एकच माणूस जातो. तुमचं करिअर नसेल पण नाव तरी होतं, आमचं तेही नाही. माझं मत तर असं की बजेट नसेल तर फिल्म करूच नये.

निळीशाई
बूमवाला, मग आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंट्री झालीच नसती. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 1997 ला गोळीबार झाला तिथून सुरुवात आणि फिल्म पूर्ण झाली 2011 ला, चौदा वर्षं. बजेट येईल मग बघू म्हणून थांबले असते तर?

बूमवाला
चौदा वर्षं स्वतः कॅमेरा धरणारा माणूस वेगळा. दुसऱ्याच्या मजुरीवर जिद्द दाखवायची नाही, एवढंच म्हणतोय.

केजकर
माझे आईवडील कोयता होते, म्हणजे दोघं मिळून एक कोयता, हिशोबात तसंच धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडता फेडता त्यांचे चौदा हंगाम गेले, मी कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, वाढले, आता शाळेत शिकवते. दादा, तुमची तळमळ खरी आहे हे कळतं. पण करिअर आहे का नाही या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ही फिल्म त्या जोडप्याने बघितली का? त्यांच्या वस्तीने बघितली का? चार फेस्टिवल कुठे झाले, तिथे ऊस तोडणारं कोण होतं? आमच्यावर खूप जण शूट करून गेले, लेकरांना बिस्किटं देऊन गेले, परत कुणी आलं नाही. चॅनल फुकट मागतं याचा तुम्हाला राग आला, आमच्या बायांनी तुम्हाला दोन हंगाम फुकटच दिले की.

सव्वीसमिनिटं
ताई, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही. त्या दोघांना मोबाइलवर दाखवली होती, वस्तीवर नाही. फेस्टिवलला प्रीमियर लागतो म्हणून आधी बाहेर दाखवली नाही, मग राहूनच गेलं. हे चुकलं. बूमवालांनाही सांगतो, साउंडवाल्याचे बारा हजार बाकी होते, काल दिले, एडिटरचे अजून आहेत.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. वस्तीवर दाखवणं हे माझं देणं आहे, त्याने पुढची फिल्म उभी राहत नाही. त्या कॉलेजातल्या मुलाला मेल केलाय, माझ्या या फिल्मचा सगळा हिशोब टाकून, त्याला काय ठरवायचं ते ठरवू दे.

केजकर
या मग. दसऱ्याच्या आत या, नंतर वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरंच राहतात. देवळासमोर जागा आहे, भिंत पांढरी आहे. लाइटचा भरवसा नाही, जनरेटर सांगून ठेवते. स्पीकर मात्र चांगला आणा, बाया मागे बसतात, त्यांना ऐकू आलं पाहिजे.

बूमवाला
स्पीकर माझा नेऊ शकता, त्याचे पैसे नको. पण पुढच्या फिल्मला आधी एडिटरचे पैसे बाजूला काढा आणि मगच कॅमेरा भाड्याने घ्या.