पदं जास्त म्हणून सर्किट मोठं?

कुणीतरी म्हटलंय की परमनंटमध्ये (n×n मॅट्रिक्सच्या डिटर्मिनंटसारखीच बहुपदी, पण सगळी चिन्हं अधिक) n! पदं आहेत, मग सर्किट (बहुपदी काढायची बेरजा-गुणाकारांची साखळी) मोठं लागणारच, त्यात सिद्ध काय करायचं? अहो, (१+x₁)(१+x₂)…(१+x₂₀) उलगडून बघा: १०,४८,५७६ पदं. आणि सर्किटला लागतात २० बेरजा, १९ गुणाकार. डिटर्मिनंटमध्येही n! पदंच असतात, तरी ते झटपट निघतं. परमनंटमध्ये फक्त वजाची चिन्हं नाहीत, तर सगळं अडतं. का अडतं, तेच तर सिद्ध होत नाहीये!

सर्वसाधारण सर्किटांसाठी x₁ⁿ+…+xₙⁿ ला n log n च्या पटीत गुणाकार लागतात, हे बाउर-स्ट्रासेन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. गाडी अजून तिथेच अडली आहे: याहून मोठं सर्किट लागतंच, असं कुठल्याही ठोस बहुपदीसाठी सिद्ध झालेलं नाही.

पण सर्किटची खोली (एकावर एक किती थर) ठराविक ठेवली तर २०२१ मध्ये लिमये, श्रीनिवासन आणि ताव्हेनास यांनी कोंडी फोडली: अशी छोटी सर्किटं काही बहुपदींना पुरतच नाहीत, हे सिद्ध केलं. (नूतन लिमये तेव्हापर्यंत आयआयटी मुंबईत शिकवायच्या, म्हणून जरा जास्तच कौतुक.) युक्ती मला फार आवडते: बहुपदीची कोटी (सर्वात मोठा घात) मुद्दाम लहान ठेवायची, म्हणजे सर्किट सेट-मल्टिलिनियर (चलांचे गट पाडून प्रत्येक पदात प्रत्येक गटातला एकच चल) करताना आकार फारसा फुगत नाही. मग चलांचे गट असमान आकाराचे घेऊन बहुपदीच्या सहगुणकांच्या मॅट्रिक्सची रँक (किती ओळी एकमेकींपासून स्वतंत्र) मोजायची. छोट्या सर्किटला त्या बहुपदीइतकी रँक गाठताच येत नाही.