मदत हवी आहे: चार तारांचा बेस विकून जुना पाच तारांचा घ्यायचाय, बघायला जाताना काय काय तपासू?

काळी_एक (लातूर)

लातूर, औसा, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यात ऑर्केस्ट्र्यात बेस गिटार वाजवतो. भीमजयंतीचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र आणि मधल्या काळात लग्नाचे संगीत. सध्या यामाहा टीआरबीएक्स १७४ आहे. चार तारा, पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा).

अडचण स्केलची, म्हणजे गाण्याच्या पट्टीची आहे. आमच्याकडची निम्मी गाणी काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये असतात. चार तारांवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, त्यामुळे सा वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि तिथं कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच बसलेला असतो. म्हणून पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा), सेकंडहँड घ्यायचाय. हैदराबादला एक इबानेझ एसआर ३०५ दिसलाय, संभाजीनगरला एक कोर्ट कंपनीचा. हैदराबादवाला आजच्या नव्या किमतीच्या ७० टक्के मागतोय.

त्याच्या घरी अर्धा तास मिळेल. त्यात काय बघू? माझा कितीला आणि कधी विकू? आणि बेस लातूरला आणायचा कसा?

खुंटीवाला (नांदेड)

अर्ध्या तासातली वीस मिनिटं मानेला द्या. वायरिंग, पॉट (आवाजाची फिरती बटणं), जॅक (केबल घालायची जागा) आपल्याकडं टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारा कुणीही करून देतो. मान पिळलेली निघाली तर मराठवाड्यात ती सरळ करणारा शोधत फिराल.

गेल्यागेल्या आधी ट्यूनर लावून पाचही तारा सुरात आणा. विकणारे बऱ्याचदा तारा ढिल्या करून ठेवतात. ढिल्या तारांवर वाकलेली मानही सरळ दिसते. सुरात आल्यावर बेस डोळ्यासमोर धरा, खुंट्यांकडून ब्रिजकडं (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) बघा. बी (सगळ्यात जाड) तारेकडची कड आणि जी (सगळ्यात बारीक) तारेकडची कड, दोन्ही सारख्याच वळणाच्या दिसल्या पाहिजेत. एक सरळ आणि एक वाकडी म्हणजे पीळ. तिथंच चहा पिऊन निघा, किंमत कितीही उतरवली तरी.

मग रिलीफ, म्हणजे मानेचा हलका बाक. ई तार पहिल्या परद्यावर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे परदे) एका हातानं आणि शेवटच्या परद्यावर दुसऱ्या हातानं दाबा. सातव्या-आठव्या परद्यावर तार आणि परद्यात फट किती, ते बघा. साधारण ०.३ ते ०.३५ मिमी हवी. यासाठी दोन चाकीचा टॅपेट सेट करायचा फिलर गेज घ्या, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. त्याची पानं मिलिमीटरमध्येच असतात. फट अजिबात नसेल तर मान मागं गेलेली आहे, ०.६ च्या वर असेल तर पुढं.

फट चुकीची असणं हा दोष नाही, मानेच्या आतला रॉड (बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरत नसेल तर तो दोष. ऋतू बदलला की मान हलतेच. विक्रेत्याला विचारून अ‍ॅलन की लावा. कंपनीनुसार ४ किंवा ५ मिमी लागते, फेंडर घराण्यातल्या काहींना ३/१६ इंची. उजवीकडं फिरवली की मान मागं जाते आणि फट कमी होते. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी नको. रॉडचा नट फिरतोय पण ताण जाणवतच नाही, किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि फट तरी मोठीच, तर रॉड संपला.

आता प्रत्येक तारेवर प्रत्येक परदा वाजवा. सगळीकडं थोडी खरखर असेल तर सेटअपची गोष्ट आहे. एकाच जागी असेल तर पुढचा एखादा परदा उंच आहे. एटीएम कार्डाची कड तीन परद्यांवर उभी ठेवा, डगडगली तर मधला उंच. पंधराव्याच्या पुढं सगळंच खरखरत असेल तर मानेचं टोक बॉडीजवळ वर आलंय. ते रॉडनं जात नाही, परदे घासावे लागतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी खास: मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. लाकूड सुकून आकसतं, परद्याची धातूची टोकं बाहेर येतात आणि बोटाला टोचतात. बारीक कानस मारली की जातं. पण त्यावरून बेस कसा ठेवला होता ते कळतं.

सोल्डर_बहाद्दर (जालना)

वरचं सगळं बरोबर, पण इलेक्ट्रॉनिक्सला दहा मिनिटं म्हणजे कमीच.

नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी स्वतःची घेऊन जा. जुन्या बॅटरीवर आवाज फाटला की विक्रेता म्हणतो बॅटरी गेलीय, आणि तुम्ही विश्वास ठेवता. बॅटरीचा कप्पा उघडा, हिरवी-पांढरी बुरशी असेल तर बॅटरी आत फुटून गेलेली आहे. क्लिप बदलता येते, पण बॅटरीचं पाणी प्रीअँपच्या (आवाज वाढवणाऱ्या सर्किटच्या) पट्टीपर्यंत गेलंय का ते मागचं झाकण काढून बघा.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये बॅटरीचा स्विच म्हणजे तो जॅकच. केबल घातली की बॅटरी चालू, काढली की बंद. रात्रभर केबल घालून ठेवली तर बॅटरी उतरत राहते. मंडपात 'बेस अचानक बंद पडला' यातले निम्मे प्रकार हेच. बऱ्याच बेसमध्ये बॅटरी संपली की आवाज पूर्ण जातो, पॅसिव्ह स्विच असेल तरच वाचता. असा स्विच आहे का, ते विचारा. केबल घालून प्लग चारी बाजूंनी हलवा. कटकट झाली तर जॅक बदलायचा, स्वस्त काम आहे. मात्र तीन टोकांचा स्टिरिओ जॅक आणा. साधा मोनो लावला तर बॅटरीचा स्विचच राहत नाही.

पॉट फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनर. गंज सोडवायचा साधा स्प्रे मारू नका, तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो.

गुणगुण असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे, शील्डिंग कमी पडतंय, कॉपर टेपनं भागेल. तारांना लावून फरक नाही पण जॅकच्या धातूला लावल्यावर कमी होते, म्हणजे ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटलीय.

तुमचा यामाहा विकताना मल्टिमीटरचा फोटो टाका, घेणारा खूश होतो. केबल लावा, मीटर २० किलोओमवर, दोन्ही टोकं प्लगच्या टोकाला आणि बाहीला (मागच्या धातूच्या भागाला). एका पिकअपचा (तारांखालची कॉइल) आवाज पूर्ण, दुसऱ्याचा शून्यावर. पाच ते बारा किलोओममध्ये आकडा आला की कॉइल जिवंत. मीटर रेंजच्या बाहेर गेला तर तुटलेली. अ‍ॅक्टिव्ह बेसवर हे मोजमाप चालत नाही, मधे प्रीअँप आहे.

आणि बी तार फोनवर किंवा आठ इंची स्पीकरच्या प्रॅक्टिस अँपवर ऐकून ठरवू नका. मोकळी बी म्हणजे जवळपास ३१ हर्ट्झ, तो स्पीकर तेवढं खाली जातच नाही. चांगला हेडफोन न्या. पाचव्या परद्यावरची बी आणि मोकळी ई एकच सूर आहे, दोन्ही आलटून पालटून वाजवा. बी फारच मेलेली वाटली तर आधी तारेचं वय विचारा.

पाचवी_कशाला (परभणी)

थोडं वेगळं सांगतो. विकूच नका.

पाच तारांच्या सेटमधल्या खालच्या चार तारा, १३०, १०५, ८५, ६५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), तुमच्याच यामाहावर चढवा. बी-ई-ए-डी. जी तार जाते, बाकी सगळं मिळतं. काळी एकचा खालचा सा बी तारेच्या दुसऱ्या परद्यावर, काळी दोनचा चौथ्यावर. ऑर्केस्ट्र्यातल्या बेसला जी तार किती लागते ते तुम्हीच मोजा.

काम इतकंच: नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात. मूळ नट कानसू नका, दुसरा कोरा नट घेऊन त्यात खाचा पाडा, मूळ पिशवीत ठेवा, विकताना परत बसवा. जाड तार खुंटीच्या भोकात जात नसेल तर टोकाला निमुळती होणारी घ्या. ताण किंचित उतरतो, मान थोडी मागं जाते, रॉड पाव फेऱ्याच्या आत सैल करा. बी तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) बरंच मागं घ्यावं लागेल. बाराव्या परद्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) चढा असेल तर सॅडल मागं, उतरा असेल तर पुढं.

वाचलेल्या पैशातून डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घ्या. पॅसिव्ह बेस लांब केबलनं सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये घातला की वरचा आवाज मरतो आणि मग सगळे बेसला शिव्या देतात.

काळी_एक (लातूर)

बी-ई-ए-डी डोक्यात आलं नव्हतं. पण लग्नाच्या संगीतात नवी गाणी असतात, वरचे तुकडे जी तारेवरच येतात, त्यामुळे पाचकडंच कल आहे. विक्रीचं आणि किमतीचं कुणी सांगेल का?

बाजारभाव (संभाजीनगर)

आधी काळ. चातुर्मास सुरू होऊन लग्नसराई संपली की खूप जण विकायला काढतात, तेव्हा घ्या. गणपतीच्या महिनाभर आधी मागणी येते, तेव्हा तुमचा काढा. दोन्ही एकाच आठवड्यात करायला गेलात तर एका बाजूला मार बसणारच.

किंमत जुन्या बिलावरून नको, आज दुकानात नवा कितीला आहे त्यावरून काढा. तोच मॉडेल बंद झाला असेल तर त्याच्या जागी आलेल्याची किंमत धरा. परदे बरे, मान सरळ, बिल आहे, असा बेस माझ्या मते ५५ ते ६५ टक्क्यांत जातो. ७० म्हणजे बॅगेसकट आणि जवळजवळ न वाजवलेला. बदललेल्या पिकअपचे, महागड्या ब्रिजचे पैसे परत मिळत नाहीत. मूळ भाग बसवून ते वेगळे विका.

फोटो: खुंट्यांची पुढची-मागची बाजू, सिरीयल नंबर, पहिल्या पाच परद्यांचा जवळून, मानेचा कडेनं, ब्रिजच्या सॅडलचा, मागचं झाकण काढून आतला. जिथं टवका आहे तिथं नाणं ठेवून फोटो. टवका लपवला की घेणारा समोर आल्यावर दोन हजार पाडतो, आधी दाखवला की पाचशेवर मिटतं.

घेताना बिल, नाहीतर साध्या कागदावर सिरीयल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी कुरिअरचे पाठवा' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. आणि विकताना: पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. कुणी सांगितलं तर तो घेणारा नाही.

आणणं: रेल्वे असेल तर वरच्या बर्थवर, सोबत. ट्रॅव्हल्सच्या डिकीत मऊ बॅगेत देऊ नका, तिथं उष्णताही असते आणि वरून पोतीही पडतात. पार्सलच करायचं असेल तर तारा एक-दीड सूर उतरवा, खुंट्यांच्या मागं आणि मानेच्या खाली कपड्याच्या घड्या द्या, खुंट्यांचं टोक खोक्याला टेकता कामा नये. बेस उलटा पडला की मोडतो तो तिथंच, नटच्या मागं.

काळी_एक (लातूर)

हैदराबादवाल्यानं व्हिडिओ पाठवला. फट साधारण ०.६ मिमी. डी तारेवर चौदाव्या परद्यावर खरखर. ट्रेबलचा पॉट खरखरतो. बी तारेचं सॅडल अगदी मागं टेकलंय. रॉड फिरवून दाखवायला सांगितलं तर म्हणतो, 'घेतल्यावर तुम्हीच फिरवा.'

खुंटीवाला (नांदेड)

चौदाव्यावर खरखर म्हणजे बहुतेक पंधरावा उंच. सुटून वर आला असेल तर नायलॉनच्या हातोडीनं बसतो, नाहीतर तेवढाच घासायचा. पॉट सोडून द्या. सॅडल मागं टेकलेलं असणं बी तारेच्या बाबतीत नवल नाही, पण बाराव्या परद्यावर सूर तरीही चढा असेल तर मागं जायला जागाच उरलेली नाही. तार जुनी असेल तर नव्या तारेवर सुधारू शकतं, खात्री मात्र नाही.

अडलंय ते रॉडवर. ०.६ फट रॉड चालत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. चालत नसेल तर तो बेस सुट्या भागांच्या भावाचा. फिरवून न दाखवणारा माणूस घाबरत असेल किंवा त्याला माहीत असेल, आपल्याला दोन्ही सारखंच.

बाजारभाव (संभाजीनगर)

हिशोब मांडू. समजा नवा ३०,००० ला आहे. ६० टक्के धरले तर १८,०००. तारांचा सेट अडीच-तीन हजार, परदा आणि सेटअपचे तुमच्याकडचा कारागीर घेईल ते, हैदराबादचं जाणं-येणं. हे सगळं वजा जाऊन चौदाच्या आसपास येतो, आणि तो रॉड चालत असेल तर. तो २१,००० मागतोय. मी जाणार नाही.

संभाजीनगरचा कोर्ट आधी बघा. त्याला ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर मोजून पाठवायला सांगा, मध्यापासून मध्यापर्यंत. पाच तारांच्या बेसमध्ये हे १६.५ पासून १९ मिमीपर्यंत असतं. तुमचा हात चार तारांच्या रुंद अंतराला बसलेला आहे. १६.५ वर बोटं शेजारच्या तारेत अडकतात, १८ च्या पुढं लगेच जमेल. तो एसआर ३०५ तसाही १६.५ चाच आहे.

काळी_एक (लातूर)

कोर्टवाल्याला मोजायला सांगितलंय. फिलर गेज आजच घेतो. रविवारी जमलं तर जातो, आकडे इथंच टाकतो.

सोल्डर_बहाद्दर (जालना)

बॅटरी विसरू नका. आणि मल्टिमीटर घरी ठेवू नका, कार्यक्रमालाही नेत चला: एसी व्होल्टवर लावून एक टोक ब्रिजला, दुसरं माइकच्या जाळीला. मंडपात अर्थिंग नसलं की तिथं व्होल्टेज दिसतं. दहा-पंधरा दिसले तरी लाइटवाल्याला बोलवा, तोवर तारांना हात असताना ओठ माइकला नको.