ससा वळला की आमची बीगल माग सोडते, काय करू?

चिंगीचा_बाबा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आठ महिन्यांची बीगल (वासावरून सशाचा माग काढणारी शिकारी कुत्री) आहे, चिंगी. लहान चणीची, खांद्यापाशी तेरा इंचांच्या आतली. अमेरिकेत आल्यावर दोन हिवाळे शेजाऱ्यांबरोबर सशांच्या शिकारीला गेलो. त्यांच्या कुत्र्यांचा आवाज डोक्यातून जाईना, म्हणून चिंगीला आणलं. शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला, आता हंगामही सुरू झालाय.

अडचण अशी आहे की जाळीतून कॉटनटेल (इथला रानससा) उठला की चिंगी मस्त आवाज लावते आणि पन्नास-साठ पावलं सरळ माग काढते. ससा वळला की एकदम गप्प. तिथल्या तिथे घुटमळते आणि मान वर करून माझ्याकडे बघते. मग मी धावत जातो, ससा गेला ती जागा बोटाने दाखवतो, ती पुन्हा थोडी पळते, पुन्हा गप्प. गेल्या शनिवारी असं सहा वेळा झालं. तिचं नाकच कमी पडतंय का? की तिला मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडू?

माळावरचा

जीपीएसचा पट्टा आधी घ्या. बीगल वासावर लागली की हाका ऐकत नाही, आणि रस्ता जवळ असेल तर जीव जातो. मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडायला हरकत नाही, पण रोज नको. पिल्लू मग त्याच्या मागे पळायला शिकतं, सशाच्या नाही.

जुनी_पायवाट

दादा, नाक उत्तम आहे हो तिचं. ज्या कुत्रीने पन्नास पावलं आवाज देत माग काढला तिच्या नाकाची काळजी करू नका. तुम्ही धावत जाताय, ते थांबवा.

हे मी ठामपणे सांगतोय, कारण माझ्या पहिल्या कुत्र्याच्या, भोंग्याच्या बाबतीत मी अगदी हेच केलं. प्रत्येक वेळी माग तुटला की मी हजर. दोन महिन्यांत तो इतकं शिकला की माग तुटला की नाक खाली घालायचं नाही, बाबाकडे बघायचं. ती सवय मोडायला मला अख्खा एक हंगाम लागला, आणि त्या कुत्र्याचे ते दिवस मी वाया घालवले याचं मला आजही वाईट वाटतं.

मला शिकवणाऱ्या सत्तरीतल्या आजोबांनी एकदा ताज्या बर्फात मला हाताला धरून नेलं. आदल्या तासाला कुत्री जिथे गप्प झाली होती, ती जागा. सशाचा ठसा तुम्ही पाहिला असेलच. पळताना मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे तो कुठल्या दिशेने गेला ते नवख्याला उलटंच वाटतं. आजोबांनी काठी टेकवत दाखवलं: ससा इथून सरळ आला, इथे थांबला, मग स्वतःच्याच ठशांवरून आठ-दहा फूट मागे गेला, आणि तिथून एका उडीत बाजूच्या पडलेल्या ओंडक्यावर. ओंडक्यावरच्या बर्फाला एवढंसं भगदाड, पलीकडे पुन्हा ठसे. म्हणजे कुत्रीसमोरचा वास अचानक संपतो आणि खरा माग तिच्या पाठीमागे असतो. आपण ससा पुढे पळाला असं समजून पुढे धावतो, आपल्या बुटांनी आणि वासाने उरलासुरला माग तुडवतो, आणि तिलाही चुकीच्या बाजूला ओढतो.

चांगली बीगल अशा वेळी माग तुटला तिथपर्यंत मागे येते आणि तिथून लहान लहान वळसे घेत शोधते. हे तिला कोणी शिकवू शकत नाही. तिला ते स्वतः सुटावं लागतं, आणि त्यासाठी तिला शांतता लागते. पाच मिनिटं लागोत, दहा लागोत. तुम्ही हलायचं नाही, बोलायचं नाही, तिने बघितलं तर नजर दुसरीकडे करायची. माग सापडला की ती जो आवाज काढेल तो आधीच्यापेक्षा वेगळा असेल. तो ओळखायला शिका.

तुम्ही उभं कुठे राहायचं? ससा जिथून उठला त्याच्या आसपास. कॉटनटेलचं राहतं रान काही एकरांचंच असतं. ते सोडून जाणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो वळसा घालून परत तिथेच येतो. बीगल हळू आहे हाच तिचा गुण आहे. मागे हळू कुत्रं असलं की ससा जीव खाऊन पळत नाही. थोडा पळतो, थांबतो, कान लावतो. वेगवान कुत्रं मागे लागलं की तो सरळ एखाद्या बिळात शिरतो आणि खेळ संपला. (कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही, ग्राउंडहॉग या बिळं खणणाऱ्या प्राण्याचं जुनं बीळ वापरतो.) म्हणून लहान चणीची चिंगी घेतलीत ते बरंच केलंत.

आणखी एक. कोरडा वारा, कडक गोठलेली जमीन अशा दिवशी वास धरतच नाही. त्या दिवशी तिला दोष देऊ नका. दमट, गार, वारा पडलेली सकाळ निवडा.

चिंगीचा_बाबा

काका, शनिवारचं सगळं डोळ्यासमोर आलं. सहाही वेळा मी पुढेच धावलो होतो. आता एक विचारतो. तिच्यासमोर अजून बंदूक उडवलेली नाही. कधी उडवू?

जुनी_पायवाट

घाई अजिबात नको. एकदा बंदुकीला घाबरलेलं कुत्रं पुन्हा उभं करणं फार कठीण. ती मागावर पूर्ण रंगलेली असेल, आवाज देत असेल आणि लांब असेल, तेव्हा पहिला बार. तोही लहान. शेजारी उभी असताना कधीच नाही. आणि ससा संपूर्ण दिसल्याशिवाय, त्याच्या मागे कुत्रं नाही याची खात्री असल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवायचं नाही. जाळीत काहीतरी हललं म्हणून झाडलेली गोळी तुमच्या चिंगीलाच लागू शकते. केशरी जॅकेट तुम्ही घालालच, तिलाही केशरी पट्टा घाला.

ऊर्मी_रानवारा

ससा साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच. सशांमधून माणसाला टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार होतो, हाताला बारीक कापलेलं असलं तरी पुरतं. काळजावर (यकृतावर) पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका, आणि चांगला दिसला तरी मांस पूर्ण शिजवा. कुत्र्याला कच्ची आतडी-काळीज देऊ नका, त्यातून पट्टकृमी होतात. आमच्या कुत्रीला झाले होते, लाड म्हणून दिलं होतं.

चिंगीचा_बाबा

आज सकाळी जाऊन आलो. रात्री भुरभुर बर्फ पडलं होतं, वारा नव्हता. बंदूक गाडीतच ठेवली. ससा उठला तिथे एका बुंध्याला पाठ लावून उभा राहिलो. चिंगी ओढ्याच्या काठी गप्प झाली. तिने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघत राहिलो. घड्याळात सात मिनिटं झाली. मग ती पाच-सहा फूट मागे आली, शेपटी आधी हळू, मग भराभर हलायला लागली, नाक एका वाळक्या फांदीखाली गेलं आणि आवाज फुटला. काका, खरंच वेगळा होता. पुढे दोनदा माग तुटला, दोन्ही वेळा तिनेच सोडवला. ससा माझ्यापासून वीस पावलांवरून गेला, कान मागे वळवलेले, अजिबात घाईत नव्हता. त्यानंतर बऱ्याच वेळाने चिंगी आली, नाक खाली, आवाज चालू. माझ्या बुटाजवळून गेली, पण वर बघितलं नाही.