शिडाच्या बोटीवर कायम राहायचं तर पैशाची सोय?

प्रश्न: ३६ फुटी जुनी बोट, आम्ही दोघं, कॅरिबियनमध्ये पाच वर्षं. पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर भागेल का?

उत्तर १: रोजचं भागेल, पण बोट खर्च एकदम काढते. एक-दोन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तळाला शेवाळरोधक रंग, धातू गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे तुकडे बदलणं; डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा साधारण १०-१२ वर्षांनी बदलाव्या लागतात, त्यांचं वय विमावालेही विचारतात. बोटीच्या किमतीच्या १०% दरवर्षी बाजूला ठेवा. मरिना (बोटींचा भाड्याचा धक्का) टाळून नांगरावर राहिलात तर मोठी बचत, म्हणून नांगर-साखळीत कंजुषी नको.

उत्तर २: करासाठी अनिवासी ठरलात की भाडेकरूला भाड्यातून आधीच ३१.२% कर (टीडीएस) कापावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. करारात लिहून घ्या. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं). जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मागा.

उत्तर ३: बोटीवरून ऑनलाइन काम जमतं, आधी वीज मोजा. इंटरनेटची डिश ५० वॅट धरली तरी २४ तासांत १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचं एकक) खाते! कामापुरतीच चालू ठेवा. बाकी शिडं शिवणं, डिझेल इंजिन दुरुस्ती याला गिऱ्हाईक असतं, पण पर्यटक म्हणून शिरून पैसे घेतलेत तर बेकायदा. आधी परवाना.