अनुभव धागा : ऑनलाइन रोलप्लेइंग गेममध्ये तुमच्या नावाला न्याय मिळाला का?

कॅरेक्टरचा चेहरा, केस, उंची सगळं मनासारखं जमतं आणि नावाच्या रकान्यापाशी गाडी अडते. 'हे नाव चालणार नाही.' का चालणार नाही, ते कुणी सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: नियम कडक असू देत, पण ते नाव टाइप करतानाच कळायला हवेत आणि सगळ्यांना सारखेच लागायला हवेत. तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. नाव टिकलं असेल तर तेही लिहा.

रानवाट
माझी हीलर (सोबत्यांच्या जखमा भरणारं पात्र) सुरुवातीला घेतलेल्या नावानेच शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचली होती. एका रेडनंतर (गटाने मिळून केलेल्या मोठ्या लढाईनंतर) लूटवरून, म्हणजे मिळालेल्या वस्तूंच्या वाटपावरून, वाद झाला आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं तर समोर रीनेमचा स्क्रीन, रकाना रिकामा. कारण दिलं, 'नावात पदवी चालत नाही.' नाव घेताना हा नियम कुठेच दिसला नव्हता. आमच्याच गिल्डमधला (खेळाडूंच्या गटातला) नावात 'सर' लावलेला एक जण मात्र तसाच फिरत राहिला, कारण त्याची तक्रार कुणी केली नाही. जुने सोबती मेसेज करून विचारायचे, 'आपण कोण?' नियम मोडला म्हणून नव्हे, कुणाशी तरी बिनसलं म्हणून माझं नाव गेलं. हे मला आजही पटत नाही.

तिसरा प्रहर
माझ्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये मधेच चार अक्षरांची इंग्रजी शिवी येते. फिल्टर तेवढंच बघतो. सपोर्टला टिकीट टाकलं, तर साच्यातलं उत्तर आलं: 'कृपया सभ्य नाव निवडा.' वाडवडिलांच्या आडनावाला असभ्य ठरवलेलं वाचून फार लागलं.

कंदीलवाली
मी नियमांच्या बाजूने आहे. रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे खेळाडू आपल्या पात्राच्या भूमिकेत राहून खेळतात तिथे, गंभीर प्रसंग रंगात आलेला असताना एखादा अचकट नावाचा योद्धा मधे नाचला की सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. पण मुळात नावाची रचनाच नीट केली तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नाव 2 ते 12 अक्षरांचं, मधे जागा नाही, आडनाव नाही. चांगली नावं संपतात, मग लोक एखाद्या अक्षरावर तिरपी रेघ देऊन तेच नाव घेतात आणि मित्रांना ते टाइपच करता येत नाही. फायनल फँटसी 14 मध्ये नाव आणि आडनाव दोन्ही असतात, आणि ते त्या एका वर्ल्डपुरतंच (सर्व्हरपुरतंच) एकमेव असावं लागतं. 2005 च्या गिल्ड वॉर्समध्ये तर किमान दोन शब्द सक्तीचे होते. तिथे नावं माणसांची वाटायची.

ओसाड गढी
मला हवं असलेलं नाव पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरने अडवून ठेवलंय. वर्षानुवर्षं लॉगिन नाही. अशी नावं मोकळी करायलाच हवीत, मालकाला आधी ईमेल करून.

जुना पहारेकरी
एका छोट्या सर्व्हरवर नावांच्या तक्रारी मी बघायचो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कंपन्यांची धास्ती उगाच नाही. सिटी ऑफ हीरोज या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू मार्व्हलच्या सुपरहीरोंसारखी पात्रं बनवतात म्हणून मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने 2004 मध्ये गेमच्या कंपन्यांवर खटला भरला होता. त्यातली पुरावा म्हणून दिलेली काही पात्रं मार्व्हलच्याच लोकांनी बनवलेली निघाली, कोर्टाने ती बाजूला काढली. 2005 मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे तक्रार यायची ती नुसत्या नावाची, मागचं भांडण दिसायचंच नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या: एकाच्या मताने नाव काढायचं नाही, आणि काढलंच तर नेमका कुठला नियम आडवा आला ते खेळाडूला लिहून कळवायचं. त्यानंतरही लोक चिडायचे, पण बहुतेक जण नवं नाव घेऊन खेळत राहायचे.