मदत हवी आहे: मणक्याच्या इजेनंतर पायांची आग, स्टिम्युलेटर बसवावा का?

नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यातले. २०२१ च्या मे महिन्यात आंबे उतरवताना दादा झाडावरून पडला. डी-१० ला (पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला) मज्जारज्जूची पूर्ण इजा, पाय गेले ते गेलेच. आता व्हीलचेअरवरून दुकान सांभाळतो. पण ज्या पायांना सुई टोचली तरी कळत नाही, तेच पाय तिन्हीसांजेपासून निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. "संवेदनाच नाही तर दुखेल कसं?" असं कोणी विचारलं की तो गप्प होतो. मला ते बघवत नाही.

गॅबापेंटिन झालं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन झालं, आता प्रीगॅबलिन. डोस वाढवला की दिवसभर गुंगी, कमी केला की रात्रभर जागरण.

टेन्स मशीन (कातडीवर पॅड लावून सौम्य करंट देणारं) पाच महिने वापरलं. पॅड पायाला लावायचे नाहीत, बधिर कातडी भाजली तरी त्याला कळणार नाही, हे फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बेंबीच्या वर, जिथवर स्पर्श कळतो तिथे लावतो. पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायचं ते बरंच उतरतं. पायांच्या आगीला काडीचा फरक नाही.

आता डॉक्टरांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवलाय. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर करंट देणाऱ्या बारीक तारा, कातडीखाली बॅटरी. आधी आठवडाभर तात्पुरत्या तारा घालून बघायचं. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तरच कायमचं बसवायचं. पाठीच्या ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या दुखण्यावर याचा चांगला उपयोग होतो. पण इजेच्या खालच्या आगीत, त्यातही पूर्ण इजेत, खात्री कमी, कारण करंटचा संदेश वर नेणारी वाटच तुटलेली असते. हेही त्यांनी लपवलं नाही. आमचं घोडं तिथेच अडलंय.

पूर्ण इजा असलेल्या कोणी ही ट्रायल केली आहे का? तारा इजेच्या वर घातल्या होत्या का, आणि आग कमी झाली की नुसत्या मुंग्या आल्या? पावसाळ्यात इथे दोन-दोन दिवस वीज नसते, मग चार्जिंगची बॅटरी घ्यावी का? नंतर एमआरआय करता आला का?

डोक्यावरून सौम्य करंट देतात (टीडीसीएस), त्याचा अनुभव कोणाला असेल तर तोही सांगा. त्यात चिरफाड नाही, म्हणून आईचा कल तिकडे आहे.

दादाला सलग सहा तास झोप मिळाली तरी पुरे आहे. ट्रायलचं काय ते पुढच्या आठवड्यात कळवायचंय.