बिनसाखरेचा चहा आणि चार खारी: तुमच्या घरातले पथ्याचे अनुभव

माळ्यावरची: काल माळा आवरताना बाबांची फाइल सापडली. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३८०, म्हणजे खूप जास्त; एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, म्हणजे कमी. बाबा संध्याकाळी फिरायला निघाले की मारुतीच्या देवळापर्यंत चारदा थांबायचे. कधी पोस्टर वाच, कधी चपलेचा अंगठा बघ. आम्ही हसायचो, "निघाले नगरसेवक पाहणीला!" पोटरीत गोळा यायचा म्हणून थांबतात, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. पुढे डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, ती लागेना. दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून पाहिलं, घोट्याचं बरंच कमी. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. चहात साखर नाही म्हणजे पथ्य चोख, असं घरात सगळेच धरून चाललेलो. त्या चहात रोज चार खारी बुडायच्या.
लिहा तुमचंही.

भातखाऊ: माझं उलटं. तेल जवळजवळ बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड ४१२! डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "भात किती?" दोन्ही वेळा, शिवाय रात्री केळं. जादा पिठूळ खाल्लं की यकृत त्याची चरबी करतं म्हणे. आता आधी काकडी-उसळ, मग मूठभर भात. तीन महिन्यांत १९०. बायकोनं भातवाढणी लपवलीय.

सोलापुरी_कडक: आमच्याकडे भात पाहुण्यांना 😄

शेजारीण: एकादशीचं कुणी बोलतच नाही! सासूबाई, डायबेटिस १५ वर्षं, साबुदाणा खिचडी वर बटाट्याचा कीस. दुपारी ग्लुकोमीटरवर २८६. म्हणतात, "उपासाचं लागत नसतं गं."

भातखाऊ: एकादशी, दुप्पट खाशी.

मालवणी_पोरगो: बांगडा चालतो ना? आमचे डॉक्टर तिखलं खा म्हणतात, तळलेला नको. रवा लावून तळला की बांगड्याचं पुण्य तव्यातच राहतं. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ९० टक्क्यांच्या आसपास असते असं घरी सांगितलं, आई दोन दिवस बोलली नाही.

नवखा७७: अंड्यातलं पिवळं खायचं का नाही? घरात दोन गट पडलेत.

डबेवाली_सून: @नवखा७७ मला आठवड्याला तीन-चार चालतील म्हणाली डाएटिशियन, तुमचं तुम्ही विचारा. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. अंड्यापेक्षा ती बेकरीवर जास्त ओरडली. २०२२ पासून ट्रान्स फॅटला (वनस्पती तुपातली घातक चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण मैदा आणि पाम तेल कुठे गेलंय? (कुकर झाला, येते)

मेथीवाली_काकू: मी एक गाढवपणा कबूल करते. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी चावून खायचे, शेवटचा दाणा गिळेपर्यंत तोंड कडूजार. साखर जरा उतरली म्हणून चढले हरभऱ्याच्या झाडावर, कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी परस्पर बंद. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७८ चं १४६. डॉक्टर ओरडले नाहीत. माझ्यासमोर कागदावर नळी काढली, आतून पेनानं रंगवत गेले. मधे टाचणी जाईल एवढी जागा ठेवली. आता मेथी पण आणि गोळी पण.

माळ्यावरची: काकू, तो कागद आमच्याही फाइलमध्ये आहे हो. तशीच नळी.

सोलापुरी_कडक: काकू 🙏 आता बरं आहे ना?

मेथीवाली_काकू: ८१ वर आलंय. चालते रोज.

डबेवाली_सून: आले परत. सोलापुरी, घाण्याचं करडई तेल कुठून आणता? पुण्यात खात्रीचं मिळेना.

सोलापुरी_कडक: व्यक्तिगत निरोप करतो. पण घाण्याचं म्हणून वाटीनं ओतू नका, चमच्याला कॅलरी तेवढ्याच. त्यापेक्षा भाकरीवर जवसाची चटणी घ्या.

शेजारीण: जवसात लसूण भाजून घालायचा की कच्चा?

सोलापुरी_कडक: कच्चा. आणि खलबत्त्यात, मिक्सरला लगदा होतो.